दंड भरून सुटका? आधी हिशेब मांडून बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

वय तिशीच्या आत. स्वतःचा छोटा हत्ती आहे, त्याचे हप्ते चालू आहेत. गेल्या हिवाळ्यात संध्याकाळी बाजार समितीत भाजी उतरवून रिकाम्या गाडीने परतत असताना उसाच्या फडातल्या वाटेवरून सायकलवर एक आजोबा एकदम डांबरीवर आले आणि धडक बसली. यांनीच त्यांना गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. रात्री आजोबा वारले. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) (निष्काळजीपणाने मृत्यू) आणि २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं), शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम लावलं. जामीन झाला, चार्जशीट आली आणि गेल्या आठवड्यात कोर्टात चार्ज झाला, म्हणजे कोर्टाने आरोप निश्चित केले. यांनी ‘गुन्हा कबूल नाही’ असं सांगितलं. बाहेर चहाच्या टपरीवर एक ओळखीचा भेटला. तो म्हणाला, ‘प्ली बार्गेनिंगचा अर्ज टाक, दंड भर, महिन्यात केस मिटते. माझ्या चुलतभावाचं तसंच झालं.’ वकील म्हणतात, ‘बघू, करता येईल.’ एसटीत चालक म्हणून अर्ज भरायचा आहे, त्याआधी हे संपवायचं आहे. तारखेला गेलं की त्या दिवसाचं भाडं बुडतं. आजोबांच्या घरी जायची आणि घरच्यांना काही रक्कम द्यायची मनापासून तयारी आहे. पत्राच्या शेवटी लिहिलंय, ‘माझी चूक होती असं मला वाटत नाही, पण माणूस माझ्याच गाडीने गेला. झोप लागत नाही. कबूल करून टाकू का?’

---

नमस्कार.

आधी कॅलेंडर बघा. प्ली बार्गेनिंग म्हणजे गुन्हा कबूल करून त्या बदल्यात कमी शिक्षा मागण्याचा कायद्याने आखलेला सौदा. त्याचा अर्ज चार्ज झाल्याच्या तारखेपासून तीस दिवसांत करावा लागतो, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २९० मध्ये आहे. तिच्या आधीच्या, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दिवसांची अशी अट नव्हती. त्यामुळे ज्या वकिलांची हयात जुन्या कायद्यात गेली, ते सवयीने ‘बघू पुढं’ म्हणून जातात. तुमच्या वकिलांचं ‘बघू’ त्यातलं असेल तर ते परवडणारं नाही. तुमच्या हातात अजून दोन-तीन आठवडे आहेत. हा वेळ अर्ज टाकण्यात घालवण्याआधी विचार करण्यात घालवा. मुदत मात्र डोळ्यांसमोर ठेवा, उशीर माफ होईल या भरवशावर राहू नका.

आता टपरीवरच्या सल्ल्याकडे येते. त्यातल्या तीन गोष्टी तुम्ही न तपासता मान्य केल्यात. केस मिटते, दंडावर भागतं, आणि चुलतभावाचं झालं म्हणजे तुमचंही होईल. तिन्ही तुमच्या बाबतीत लंगड्या आहेत.

चुलतभावापासून सुरू करू. त्याचा अपघात १ जुलै २०२४ च्या, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू होण्याच्या, आधीचा असणार. तेव्हा निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय दंड संहितेचं ३०४-अ लागायचं. त्याला कमाल दोन वर्षं कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. म्हणजे न्यायाधीशांच्या मनात आलं तर नुसता दंड करून सोडण्याची सोय कलमातच होती. तुम्हाला लागलेल्या १०६(१) ला कमाल पाच वर्षं कैद आहे आणि तिच्या जोडीला दंड. ‘किंवा’ची जागा तिथे ‘आणि’ने घेतली आहे. त्यामुळे नुसत्या दंडावर सोडणं या कलमात बसत नाही. कोर्टाच्या आवारात जुन्या कलमाच्या गोष्टी अजून फिरत असतात, सांगणारा खोटं बोलत नसतो, पण त्या तुम्हाला लागू नाहीत.

दुसरी शक्यता अशी, की त्या चुलतभावाने प्ली बार्गेनिंग केलंच नव्हतं. त्याने उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हटलं आणि साहेबांनी दंड केला. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या सर्रास एक समजतात. साध्या कबुलीत कायदा तुम्हाला कोणतीही सवलत देत नाही, शिक्षा पूर्णपणे कोर्टाच्या मर्जीवर असते. १९८३ साली कर्नाटकातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं होतं, थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य. तेही ३०४-अ चंच. दंडावर सुटू या समजुतीने आरोपीने गुन्हा कबूल केला, खालच्या कोर्टाने दंड केला, आणि पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवून त्याला कैद सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने हे अन्यायाचं ठरवलं आणि खटला नव्याने चालवायला परत पाठवला. त्या माणसाला दिल्लीपर्यंत जावं लागलं. तेव्हा कोणी ‘उभा राहून कबूल म्हण, बाकी मी बघतो’ असं म्हणालं तर उभे राहू नका.

प्ली बार्गेनिंग आपल्याकडे तसं उशिरा आलं. सर्वोच्च न्यायालयाला ही कल्पना आधी पसंत नव्हती. १९७६ मध्ये महाराष्ट्रातल्या एका अन्नभेसळीच्या खटल्यात आणि १९८० मध्ये गुजरातच्या एका खटल्यात न्यायालयाने अशा सौद्यांवर कडक शब्दांत टीका केली होती. गरीब, निर्दोष माणूस कोर्टाच्या फेऱ्यांना कंटाळून कबुली देईल, हा त्यातला एक मोठा आक्षेप. नंतर विधी आयोगाने शिफारशी केल्या, फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या मलिमठ समितीने पाठिंबा दिला, २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत नवं प्रकरण घातलं गेलं आणि ५ जुलै २००६ पासून ते लागू झालं. आज ते नव्या संहितेत कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडच्या फौजदारी खटल्यांपैकी एक टक्काही या मार्गाने निकाली निघत नाहीत. अमेरिकेत याच्या अगदी उलट, तिथल्या बहुतेक शिक्षा अशा सौद्यांतूनच होतात. तिथे सरकारी वकील कलमच बदलून हलकं करू शकतो. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. कलम तेच राहतं, कमी होते ती शिक्षा, आणि तीही कायद्याने आखलेल्या मापात.

ते माप तुमच्यापुरतं सांगते. ज्या गुन्ह्याला किमान शिक्षा ठरलेली नाही, त्यात कोर्ट कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांश शिक्षा देऊ शकतं. आरोपी पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला असेल आणि आधी कधीच दोषी ठरलेला नसेल तर एक षष्ठांश. तुमची कमाल शिक्षा पाच वर्षं, म्हणजे साठ महिने. त्याचा सहावा हिस्सा दहा महिने.

दहा महिने तुरुंग, हा तुमच्या सौद्यातला आकडा आहे. टपरीवर तो कोणी सांगितला नाही.

यातून वाट एकच, परिवीक्षा. म्हणजे दोषी ठरवायचं, पण तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायचं. १९५८ चा परिवीक्षा कायदा आणि नव्या संहितेचं कलम ४०१ यांखाली हे करता येतं, आणि प्ली बार्गेनिंगच्या प्रकरणातच कोर्टाने याचा विचार करावा असं लिहिलेलं आहे. तुम्ही पहिल्यांदाच सापडलेले, जखमीला स्वतः दवाखान्यात नेलेले, पळून न गेलेले. या सगळ्या गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. पण दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट बजावलंय, की बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्या चालकांना परिवीक्षेचा फायदा सहजासहजी देऊ नये, विशेषतः ज्यांचा धंदाच गाडी चालवण्याचा आहे त्यांना. सरकारी वकील हा निकाल पुढे करणार हे धरून चला. त्यावर साहेबांचं मत काय पडेल हे तुमचे वकील छातीठोकपणे सांगू शकत नाहीत, मी तर नाहीच नाही. वकिलांना एवढं जरूर विचारा, की याच कोर्टात, याच साहेबांसमोर, १०६(१) मध्ये परिवीक्षा मिळाल्याचं त्यांनी पाहिलंय का. तालुक्याच्या वकिलांच्या बारमध्ये ही माहिती असते.

आता ‘केस मिटते’ या समजुतीबद्दल. केस संपते हे खरं, पण ती तुम्ही दोषी आहात या निकालाने संपते. पाहुण्यारावळ्यांत, गावकीत जी तडजोड होते, तिच्यात दोघंही बाजूला होतात आणि कोणावर ठपका राहत नाही. फौजदारी कायद्यातही तशी तडजोड आहे, नव्या संहितेच्या कलम ३५९ खाली. साधी मारहाण, चोरी, फसवणूक अशा काही ठरावीक गुन्ह्यांत फिर्यादी किंवा ज्याचं नुकसान झालं तो माणूस तडजोड करू शकतो. काहींत त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. हे पत्र वाचणाऱ्या इतरांना म्हणून सांगते, तुमचं कलम त्या यादीत असेल तर प्ली बार्गेनिंगचं नावही काढू नका, आधी तिकडे जा. १०६(१) त्या यादीत नाही. आजोबांच्या घरच्यांनी कितीही मोठ्या मनाने माफ केलं तरी ते ही केस मागे घेऊ शकत नाहीत. कोणी म्हणेल, उच्च न्यायालयात जाऊन गुन्हाच रद्द करून घेऊ. माणूस गेलेला असतो अशा प्रकरणात वारसांची संमती पुरेशी मानायला न्यायालय सहसा तयार होत नाही. त्या आशेवर पैसे घालवू नका.

एसटीचं बघू. चालकाच्या जागेसाठी अर्ज, आणि नावावर गाडीने माणूस मेल्याची दोषसिद्धी. निवड करणाऱ्याच्या खुर्चीत तुम्ही असता तर काय केलं असतं? परिवीक्षा मिळाली तर त्या कायद्याचं कलम १२ म्हणतं, की दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. त्याचा अर्थ दोषसिद्धी पुसली जाते असा नाही. ज्या कृत्यामुळे दोषी ठरलात ते कृत्य नोकरी देणाऱ्याने विचारात घेऊ नये असं न्यायालयांनी कुठेही म्हटलेलं नाही, उलटच म्हटलंय. शिवाय दोषी ठरवताना कोर्ट मोटार वाहन कायद्याखाली तुमचं लायसन्स काही काळ काढून घेऊ शकतं. तसं झालं तर एसटी राहिली बाजूला, छोट्या हत्तीचा हप्ता कोण भरणार?

खटला चालू असताना अर्ज भरलात तर पडताळणीच्या फॉर्मवर तो प्रलंबित खटला लिहावा लागेल. ती अडचण आहे, नाही असं नाही. पण लपवू नका. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचा सविस्तर ऊहापोह केला आहे. माहिती दडवणं हे स्वतंत्र कारण होऊन बसतं आणि पुढे निर्दोष सुटलात तरी ते चिकटून राहू शकतं. प्रलंबित खटल्यामुळे नोकरी लांबेल, दोषसिद्धीमुळे ती बहुधा जाईल. या दोन्हींत घाई कशाची करायची ते तुम्हीच ठरवा. (पासपोर्टचं गणित याच्या उलट आहे, गंमत म्हणून सांगते. तिथे प्रलंबित खटला आडवा येतो, पण दोन वर्षांहून कमी शिक्षा झालेली दोषसिद्धी सहसा येत नाही. म्हणून परदेशी जायची घाई असलेला माणूस आणि तुम्ही, एकाच कलमात अडकलात तरी दोघांना सल्ला वेगळा.)

एका गोष्टीकडे कोणी लक्षच देत नाही, ती म्हणजे अपील. रीतसर खटला चालून शिक्षा झाली, तर सेशन्स कोर्टात अपील आहे, त्यावर उच्च न्यायालय आहे. शिक्षा लहान असेल तर अपील करेपर्यंत त्याच कोर्टातून जामीनही मिळतो. प्ली बार्गेनिंगच्या निकालावर अपील नाही. फक्त सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी याचिका किंवा उच्च न्यायालयात रिट, आणि या वाटा साध्या माणसाच्या आवाक्यातल्या नाहीत. म्हणजे परिवीक्षा नाकारून दहा महिने सुनावले, तर त्याच दिवशी कोर्टातून थेट कारागृहात. घरी जाऊन पिशवी भरायलाही वेळ मिळत नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, बाई हा अर्ज करूच नका म्हणतायत. तसं नाही. अजून मूळ प्रश्नाला हात घातलेला नाही, तो म्हणजे चूक होती का.

पत्रात तुम्ही दोन गोष्टी एकात मिसळल्यात. माणूस गेला म्हणून तुम्हाला जे वाटतंय ते चांगल्या माणसाला वाटतंच, न वाटतं तर मी काळजीत पडले असते. पण कायदा त्यासाठी शिक्षा देत नाही. तो विचारतो की तुम्ही बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे गाडी चालवली का, आणि त्यामुळे मृत्यू झाला का. ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर आहे. ‘गाडी वेगात होती’ एवढं साक्षीदाराने म्हटलं म्हणजे झालं असंही नाही. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नुसता जास्त वेग म्हणजे निष्काळजीपणा नव्हे असं म्हटलंय. अपघाताच्या किती तरी खटल्यांत सरकार पक्षाची गाडी नेमकी इथेच अडते.

म्हणून चार्जशीटचा गठ्ठा घेऊन एका दुपारी निवांत बसा. वकिलांकडे नक्कल आहे, ती मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यातला घटनास्थळ पंचनामा आधी काढा. रस्ता किती फूट रुंद लिहिलाय? ब्रेकच्या खुणा आहेत का, असल्या तर डाव्या बाजूला की मधोमध, आणि किती लांब? काच, चप्पल, रक्ताचे डाग कुठे पडलेत? ते तुमच्या बाजूच्या कडेला असतील तर एक अर्थ, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला असतील तर पूर्ण वेगळा. सायकलचं वर्णन नीट वाचा. मागचं चाक वाकलंय की पुढचं? मागचं वाकलं असेल तर तुम्ही पाठीमागून धडकलात असं सरकार पक्ष म्हणेल. पुढचं चाक किंवा मधली नळी गेली असेल आणि गाडीच्या डाव्या कोपऱ्याला ठोकर असेल, तर ते बाजूने आडवे आले या तुमच्या म्हणण्याला कागदावर आधार मिळतो. सायकलला रिफ्लेक्टर होता की नव्हता हे कोणी लिहिलंय का? नकाशात उसाच्या फडातली ती वाट दाखवली आहे की गाळली आहे? पंचनामा त्याच रात्री बॅटरीच्या उजेडात झाला की दुसऱ्या दिवशी, तोवर गाड्या हलवल्या होत्या का? मग मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल बघा, ब्रेक चालू होते असं आहे ना? शेवटी साक्षीदार. धडक डोळ्यांनी पाहिलेला कोण आहे? पुष्कळदा फिर्याद दवाखान्यात आलेल्या पुतण्याने नाहीतर जावयाने दिलेली असते आणि तो त्या वेळी रस्त्यावर नसतोच.

हे वाचून झाल्यावर दार लावून स्वतःला काही प्रश्न विचारा, जे तुम्ही मला पत्रात लिहिले नाहीत. फोन कानाला होता का? हेडलाइट दोन्ही लागत होते का? त्या वळणावर वाट आहे हे रोजच्या येण्याजाण्याने माहीत असून वेग तसाच ठेवला का? उत्तर मला कळवू नका, टपरीवरही नको. फक्त वकिलांना खरं सांगा.

उत्तर तुमच्या बाजूचं निघालं, कागदही तेच बोलत असले, तर माझा कल खटला लढवण्याकडे आहे. तारखांचा त्रास होईल, भाडी बुडतील. काही तारखांना वकिलांमार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज देता येतो, ते विचारून घ्या. जी चूक केली नाही ती केली म्हणून शपथेवर लिहून देण्याची किंमत तुम्ही भाड्याच्या रुपयांत मोजताय, ती त्यात मोजता येत नाही.

२०२० सालचं दिल्लीचं एक उदाहरण देते. करोनाच्या सुरुवातीला तबलिगी जमातच्या कार्यक्रमाला आलेल्या परदेशी नागरिकांवर व्हिसाच्या अटी आणि साथीचे नियम मोडल्याचे खटले भरले गेले. त्यांतल्या बहुतेकांनी त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात प्ली बार्गेनिंग केलं, काही हजार रुपये दंड भरला आणि ते मायदेशी गेले. काही मोजके नाही म्हणाले, थांबले, खटला लढले. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या कोर्टाने त्यातल्या ३६ जणांना निर्दोष सोडलं. पुरावाच उभा राहिला नाही. आधी गेलेले मूर्ख होते का? मला तसं वाटत नाही. परक्या देशात, साथीच्या दिवसांत, घरची माणसं तिकडे वाट बघतायत, दंड किरकोळ, तुरुंग नाही. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर होता. तुमच्या हिशेबात मात्र समोर दहा महिने आहेत आणि पोटापाण्याचं लायसन्स आहे.

आणि उत्तर उलटं निघालं तर? चूक होती, पुरावाही पक्का दिसतोय, लढून फारसं काही हाती लागणार नाही, आणि मनही कबूल करायला सांगतंय. मग हा मार्ग सरळ माणसाचा आहे आणि मी त्याच्या आड येणार नाही. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हा अर्ज स्वखुशीने करतोय, शिक्षा काय आणि किती हे समजलंय, आणि याच गुन्ह्यात आधी कधी दोषी ठरलेलो नाही, असं त्यात लिहायचं असतं. मग साहेब तुम्हाला बंद दालनात बोलावतात, समोरचा पक्ष तिथे नसतो. कोणी दमदाटी केली का, पैशाचं आमिष दाखवलं का, हे ते विचारतील. अर्ज स्वखुशीचा नाही असं वाटलं तर खटला होता तिथून पुढे चालू होतो. समाधान झालं तर जास्तीत जास्त साठ दिवसांचा वेळ मिळतो. त्यात सरकारी वकील, तपासी अंमलदार, तुम्ही, तुमचे वकील आणि आजोबांचे वारस यांची बैठक होते. कायद्याने वारसही ‘पीडित’ या व्याख्येत येतात.

बैठकीत मुख्यतः ठरते भरपाई आणि खर्च. शिक्षेचा शेवटचा शब्द साहेबांचा. एकमत झालं नाही तर खटला पुन्हा मूळ जागी येतो. अर्जात तुम्ही जे लिहिलंत ते दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही, कलम २९९ तसं सांगतं. तरी माणसाचं मन कलमाने चालत नाही. तुमचा अर्ज वाचलेले साहेबच पुढे खटला चालवणार असतील, हे लक्षात असू द्या. म्हणून ‘टाकून तर बघू’ म्हणून हा अर्ज टाकायचा नसतो.

पैशाबद्दल. बैठकीत ठरलेली भरपाई तुमच्या खिशातून जाते, ती विमा कंपनी देत नाही. आजोबांच्या वारसांनी मोटार अपघात दावा प्राधिकरणात दावा केला असेल किंवा करणार असतील, तर तिथली रक्कम वेगळी. अपघाताच्या दिवशी तुमचा विमा, फिटनेस, लायसन्स सगळं चालू असेल तर ती सहसा कंपनी भरते. फौजदारी कोर्टात दोषी ठरल्याचा निकाल त्या दाव्यात दाखवला जाईल हे गृहीत धरा, आणि बैठकीच्या अहवालात दिलेली रक्कम कशापोटी दिली ते स्पष्ट लिहून घ्या. झेपेल तेवढंच कबूल करा. दुसरं कर्ज काढून भरपाई दिलीत आणि गाडी फायनान्सवाल्याने ओढून नेली तर कोणाचंच भलं झालं नाही.

त्या घरी जायची इच्छा तुम्ही लिहिली आहे. इच्छा चांगली आहे, पण पैसे घेऊन एकटे जाऊ नका. त्यांच्यातला कोणी साक्षीदार असेल तर साक्षीदाराला फोडायला आलात असं म्हटलं जाईल आणि जामीन धोक्यात येईल. प्ली बार्गेनिंगचा निर्णय झाला तर बैठकीत समोरासमोर बोलायची संधी मिळेल. खटला लढायचं ठरलं तर तो संपेपर्यंत थांबा.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. मृत्युदंड, जन्मठेप किंवा सात वर्षांहून अधिक कैदेचे गुन्हे, स्त्री किंवा बालकाविरुद्धचे गुन्हे, आणि केंद्र सरकारने सामाजिक-आर्थिक म्हणून अधिसूचित केलेले गुन्हे (हुंडाबंदी, अ‍ॅट्रॉसिटी, वन्यजीव संरक्षण वगैरे कायद्यांखालचे) यांत प्ली बार्गेनिंग होत नाही. याचा खरा उपयोग कोणाला होतो म्हणाल, तर जामीनदार न मिळाल्यामुळे किरकोळ गुन्ह्यात महिनोन्‌महिने आत पडलेल्या कच्च्या कैद्याला. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं. पहिल्यांदा सापडलेल्याला त्याचा सहावा हिस्सा सहा महिने. त्याने आधीच सात महिने आत काढले असतील तर ते वजा होतात आणि तो सुटू शकतो. अशा माणसाच्या आईने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावं किंवा १५१०० वर फोन करावा. कैदेत असलेल्याला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. पण तिथेही आधी तडजोडीचं कलम बघायचं, मग हे.

पुन्हा तुमच्याकडे. या आठवड्यात पंचनाम्याची नक्कल घ्या, वकिलांकडे तासभर मागा, आणि त्यांचं मत पटलं नाही तर त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या फौजदारी वकिलाला फी देऊन एकदा कागद दाखवा. त्यात गैर काही नाही. अर्ज करायचं ठरलंच, तर प्रतिज्ञापत्र मराठीत करून मागा, ओळ न्‌ ओळ वाचा, आणि मगच सही करा. ‘घाई आहे, मजकूर नंतर टाइप करतो’ असं म्हणून कोणी कोरा कागद पुढे सरकवला तर पेन खिशातच राहू द्या.